विचारून दिलेली भेट

जानेवारी उजाडला की इंग्लंडमधल्या शेफील्डच्या चॅरिटी शॉपांच्या काचेमागे एकाच तऱ्हेचा माल दिसू लागतो. सेलोफेनमध्ये बांधलेले शॉवर जेल आणि लोशनचे संच, रिबीनसुद्धा न सुटलेल्या सुगंधी मेणबत्त्या, एकही पान न उलटलेली पाककृतींची पुस्तकं, गमतीचं वाक्य छापलेले मग, पायमोज्यांची पाकिटं. एक्लसॉल रोडला तेच, ब्रूमहिलला तेच, हिल्सबरोला तेच. लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून ही दुकानं आपापल्या संस्थेसाठी पैसा उभा करतात. एरवी तिथे वापरलेले कोट असतात, वाचून झालेल्या कादंबऱ्या असतात, कुणाच्या आजीच्या नक्षीदार बश्या असतात. जानेवारीत मात्र कोरा माल येतो. तो कुठून आला हे काउंटरवरच्या बाईंना ठाऊक असतं आणि विकत घेणाऱ्यालाही. आठ-पंधरा दिवसांमागे कुणीतरी तो रंगीत कागदात गुंडाळून, वर नाव लिहून आपल्याच माणसाला दिलेला असतो.

मी या शहरात संसार करते त्याला आता बरीच वर्षं झाली. माहेर कोल्हापूर, सासर यॉर्कशर. नवरा इथलाच, त्यामुळे नाताळ आमच्याकडे रस्त्यावरच्या रोषणाईपुरता नसतो. सासू-सासरे, नणंद, तिची मुलं, नवऱ्याची आत्या अशी सगळी माणसं एका छपराखाली येण्याचा वर्षातला तो एकच दिवस. मला हा सण मनापासून आवडतो. शेफील्डच्या वायव्येला डोंगराकडेच्या स्टॅनिंग्टन, डंगवर्थसारख्या गावांत नोव्हेंबरच्या मध्यापासून बॉक्सिंग डेपर्यंत पबमध्ये नाताळची गाणी म्हणतात. त्यातल्या कित्येक चाली त्या त्या खोऱ्यातच टिकून राहिलेल्या आहेत, बाहेर फारशा ऐकू येत नाहीत. हातात बिअरचा ग्लास धरून शेजारचा अनोळखी म्हातारा खड्या आवाजात आपला सूर लावतो आणि बाकीचे त्याला उचलून धरतात, तेव्हा मला आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात बसल्यासारखं वाटतं. म्हणून आधीच सांगते, हे सणाविरुद्धचं गाऱ्हाणं नाही. सणात एक दुखरी जागा आहे, तिच्याबद्दल बोलायचं आहे.

ती जागा म्हणजे आपल्या माणसानं विचार न करता दिलेली भेट. हा विषय निघाला की इथले लोक तो हसण्यावारी नेतात, नाहीतर ‘दिलं हेच खूप’ म्हणून मिटवतात. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना सांगावं तर त्यांनाही तो कृतघ्नपणा वाटतो. मला दोन्ही पटत नाही. हे दुखणं खरं आहे आणि त्यावर इलाजही आहे.

आधी तो दिवस कसा असतो ते सांगते. २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये आगगाड्या जवळपास बंद असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४च्या कायद्यानुसार २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान त्या दिवशी उघडता येत नाही. म्हणजे जिथे असाल तिथे, ज्यांच्याबरोबर असाल त्यांच्याबरोबर. सकाळी मुलांच्या पलंगाच्या पायथ्याशी टांगलेले लांब मोजे उपसून होतात. दुपारी टर्की, भाजलेले बटाटे, ब्रसेल्स स्प्राउट्स. जेवायच्या आधी दोघांनी दोन टोकं ओढून फोडायचे कागदी क्रॅकर. लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्यानं १८४०च्या दशकात काढलेली ही टूम अजून तितकीच लाडकी आहे. त्यातून निघालेला पातळ कागदाचा मुकुट घालून आजोबांपासून नातवापर्यंत सगळे जेवतात. तीन वाजता टीव्हीवर राजाचं भाषण. ते संपलं की सगळे झाडाभोवती बसतात.

एकेकानं आपली भेट उघडायची आणि बाकीच्यांनी बघायचं, ही आमच्या सासरची पद्धत. दुसऱ्या घरांत सगळे एकदम कागद फाडतात असं ऐकलं आहे. आमच्याकडे तसं चालत नाही. देणारं माणूस समोरच्याच खुर्चीत असतं. तुमची नजर पुडक्यावर आणि त्याची तुमच्या तोंडावर. चिकटपट्टी सुटते, कागद बाजूला होतो, वस्तू दिसते, आणि तुमच्या तोंडून पहिला शब्द निघेपर्यंत जो काही अर्धा क्षण जातो त्यात दोघांचंही काहीतरी पणाला लागलेलं असतं. तुमच्या डोळ्यांत जे उमटलं ते त्यानं पाहिलेलं असतं. त्यानंतर तुम्ही कितीही भरभरून आभार माना, तो अर्धा क्षण पुसता येत नाही. म्हणून माणसं तो येऊच देत नाहीत. कागद पुरता सुटायच्या आतच आनंदानं ओरडतात. माझी नणंद त्यात तरबेज आहे. पण गेल्या काही वर्षांत मला तिचा ओरडा आणि तिचा खरा आनंद वेगवेगळे ओळखू येतात. खरा आनंद झाला की ती गप्प होते आणि वस्तूवरून हात फिरवत बसते.

आपल्याकडे ही परीक्षा ठेवलेली नाही. लग्नात, मुंजीत, बारशात आलेला आहेर देणाऱ्यादेखत कुणी उघडत नाही. पाकिटं मावशीच्या पिशवीत जातात, खोकी कोपऱ्यात रचली जातात. पाहुणे पांगल्यावर, रात्री उशिरा, सतरंजीवर पाय पसरून घरचीच माणसं ती उघडतात आणि कुणीतरी एक वहीत नाव आणि वस्तू लिहून घेतं. तिथे कुणी नाक मुरडलं तरी ते देणाऱ्यापर्यंत पोचत नाही. लहानपणी वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यासमोर मी एकदा खोक्याचा कागद उचकटायला घेतला तेव्हा आईनं नुसते डोळे मोठे केले होते. त्या डोळ्यांचं वळण घेऊन मी इथे आले, तर इथे न उघडणं हाच अपमान. देणाऱ्याला तुमचा आनंद बघायचा हक्क आहे असं इथे मानतात. त्यातला जिव्हाळा मला समजतो. पण आपल्या पद्धतीनं दोन्ही बाजूंच्या अब्रूची जी काळजी घेतली आहे, ती मला आता पूर्वीपेक्षा जास्त शहाणपणाची वाटते.

आता त्या खोक्यांत काय असतं ते. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात नवऱ्याच्या आत्यानं मला करी किट दिलं. पुठ्ठ्याचा देखणा खोका, आत हळद, जिरं, धणे, लाल तिखट, वेलची यांच्या करंगळीएवढ्या डब्या, आणि कांदा किती वेळ परतायचा ते सांगणारं कार्ड. ज्या घरात उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची गच्चीवर वाळत पडते, डंकावरून कुटून आणलेल्या तिखटात कांदा, लसूण, खोबरं, तीळ घालून वर्षाची चटणी बरणीत भरली जाते, त्या घरात मी वाढले. मसाला भाजताना उठणारा ठसका गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. पुढच्या वर्षी आत्यानं भारतीय जेवणाचं पुस्तक दिलं. त्याच्या पुढच्या वर्षी हत्तीच्या आकाराचे पुस्तकांचे टेकू. मग मसाला चहाच्या वासाची मेणबत्ती.

एकेक वस्तू सुटी घेतली तर कशातच वाईट काही नाही. आत्या प्रेमळ बाई आहे. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी तिच्याकडे राहायला गेले होते. रात्री तिला झोप येत नसे म्हणून आम्ही दोघी बागकामाच्या जुन्या मासिकांतली चित्रं बघत बसायचो. मी गच्चीवर कुंड्यांत लावलेल्या मिरच्यांच्या गोष्टी सांगायचे, ती तिच्या वाफ्यांच्या. आणि तरी डिसेंबर आला की तिच्या यादीत माझ्या नावापुढे एकच शब्द असायचा: भारत. नणंदेची गोष्ट वेगळी. तिच्याकडून दरवर्षी आंघोळीच्या टबात टाकायचं सुगंधी मीठ येतं. आमच्या घरात टब नाही, नुसता शॉवर आहे. ती आमच्याकडे मुक्कामाला येते, तीच न्हाणी वापरते.

हे वाचून कुणी म्हणेल, एवढ्याशा मिठानं काय दुखायचं? वस्तू आवडली नाही तर माणूस आठवड्यात विसरतो. विसरत नाही ते हे, की या माणसानं आपल्याकडे पाहिलेलं नाही. इथेच जन्मलेल्या माणसाला हे जेवढं लागतं त्याहून परदेशातून आलेल्याला जास्त लागतं, आणि त्याला कारण आहे. ज्या माणसांना आपण न सांगता कळतो ती सगळी मागे राहिलेली असतात. मला तोंडली आवडत नाहीत, पावसाळ्यात माझे कान दुखतात, निळा रंग मला शोभत नाही, हे कोल्हापुरात चार घरांना ठाऊक आहे. इथे कुणीच माझं बालपण पाहिलेलं नाही. सासरच्या माणसांना मी पहिल्यापासून शिकावी लागते, जशी मलाही ती शिकावी लागतात. ती कुठवर पोचली हे एरवी मोजायची सोय नसते. नाताळच्या दुपारी मात्र ते कागदात गुंडाळून हातात पडतं.

या विषयाला अर्थशास्त्रानंही हात घातला आहे. १९९३ साली जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन प्राध्यापकानं ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यानं विचारलं होतं: तुम्हाला मिळालेल्या वस्तूंना देणाऱ्यानं किती पैसे मोजले असतील, आणि भावनेचं मोल बाजूला ठेवून तुम्ही स्वतः त्यांना किती द्याल? उत्तरांवरून त्यानं हिशेब मांडला की भेटींच्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा नुसता वाया जातो. सगळ्यांत कमी नासाडी मित्रांच्या आणि जोडीदाराच्या भेटींत, सगळ्यांत जास्त आजी-आजोबा, काका, मामा, आत्या यांच्या भेटींत. २००९ साली ‘स्क्रूजोनॉमिक्स’ या पुस्तकात त्यानं हाच मुद्दा विस्तारानं मांडला. निबंधातली नात्यांची क्रमवारी मला तंतोतंत पटते. जी माणसं मनानं जवळ आणि रोजच्या जगण्यानं लांब, तीच चुकतात. पण भावनेचं मोल बाजूला ठेवून भेटीचा हिशेब मांडणं मला मान्य नाही. भेटीत ते मोलच काढून टाकलं तर मोजायला उरतो तो बाजार. माझ्या नणंदेच्या मिठाची दुकानातली किंमत शून्य झाली म्हणून मी कष्टी होत नाही.

चुकतात ती का, हेही बघायला हवं. ब्रिटनमध्ये डिसेंबर म्हणजे चार वाजता पडणारा अंधार, ऑफिसच्या पार्ट्या, शाळेची नाटुकली, कार्डांचे गठ्ठे, पोस्टाची शेवटची तारीख. आणि मी जी घरं जवळून पाहिली आहेत त्यांत तरी नवऱ्याकडच्या आणि स्वतःकडच्या सगळ्यांसाठी खरेदी करण्याचं काम बाईच्याच गळ्यात असतं. आत्याची यादी वीसेक नावांची. मेडोहॉल मॉलच्या गर्दीत, दोन्ही हातांत पिशव्या, पाय दुखत आहेत, आणि समोर ‘तिच्यासाठी’, ‘त्याच्यासाठी’, ‘आजीसाठी’ अशा पाट्यांखाली तयार खोकी रचून ठेवलेली. ती खोकीच मुळी तुम्ही कुणाला ओळखत नसलात तरी चालेल अशा बेतानं बांधलेली असतात. दमलेल्या माणसाचा हात तिकडे जातो. त्यात दुष्टावा नाही. इथे लोकांना पैशाच्या गोष्टींत सल्ला देणारे मार्टिन लुईस बरीच वर्षं सांगत आले आहेत की मोठ्या माणसांनी एकमेकांना अनावश्यक भेटी द्यायच्या नाहीत असा आधीच करार करावा. ऑफिसातल्या सहकाऱ्यांसाठी, लांबच्या चुलत नात्यांसाठी मला ते लाख वेळा कबूल आहे. कित्येकांचं त्यामुळे कर्ज टळेल. सख्ख्या माणसांत मात्र मी तो करार करणार नाही. एकमेकांना ओळखण्याची ही एक सक्ती वर्षातून एकदा असते, ती मला सोडवत नाही.

आपला आहेर आठवला की मला त्याच्यातला आणि नाताळच्या भेटीतला फरक स्पष्ट दिसतो. घरोघरी फिरणारा ब्लाऊजपीस सगळ्यांनी पाहिला आहे. एका हळदीकुंकवाला आलेला दुसरीकडच्या ओटीत जातो, तिथून तिसरीकडे, आणि कधीकधी पुन्हा आपल्याच कपाटात येऊन पडतो. त्यानं कुणाचं मन मोडत नाही, कारण तो तुमची आवड बघून आणला असं कुणी म्हटलेलंच नसतं. तो मान आहे. ओटी भरली, मान दिला, काम झालं. पाकिटावर चिकटवलेला एक रुपया, वहीत लिहिलेलं नाव, पुढच्या कार्यात तेवढंच परत करण्याची जाण, सगळं उघड आहे. आणि ज्यांना हे ओझं नको त्यांनी पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापायची सोयही करून ठेवली आहे. फ्रान्सच्या मार्सेल मॉस यांनी १९२५ साली दानावर जो प्रसिद्ध प्रबंध लिहिला त्यात देणं, घेणं आणि परत देणं या तीन बंधनांबद्दल सांगितलं आहे, आणि त्यासाठी त्यांनी आपल्या महाभारताचं अनुशासनपर्वही धुंडाळलं आहे. आहेरात ती तिन्ही बंधनं लपवलेली नाहीत. नाताळच्या भेटीत बंधनं तीच, पण वर लेबल असतं की हे खास तुझ्यासाठी निवडलं. ते लेबल लावलं की जबाबदारी येते. सगळ्यांना एकसारखी बिस्किटाची डबी द्या, कुणी काही म्हणणार नाही. माझं नाव घालून द्यायचं तर मला बघून द्या.

माझ्या कोल्हापूरच्या घरात फडताळभर स्टीलची भांडी आहेत, प्रत्येकावर कुणाचं तरी नाव कोरलेलं. त्या स्टीलचं आणि मी आता राहते त्या गावाचं नातं मला इथे आल्यावर कळलं. हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली न गंजणारं पोलाद तयार केलं ते याच शेफील्डमध्ये. त्याच्या कित्येक शतकं आधीपासून हे सुऱ्या-चाकूंचं गाव. चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यातल्या एका पात्राच्या मोज्यात शेफील्डचा चाकू खोवलेला आहे. माझ्या सासऱ्यांचा जन्म इथला, आणि त्यांच्या घराण्यात धार लावणारे, मुठी बसवणारे कारागीर होऊन गेले. सासरे फार बोलत नाहीत. एका दिवाळीला मी त्यांच्या स्वयंपाकघरात कोथिंबीर चिरत होते. सासूबाईंच्या मोठ्या सुरीनं माझं मनगट अवघडत होतं. ते चहा करता करता बघत होते. घरी कशानं चिरतेस, एवढंच त्यांनी विचारलं. मी फोनवर विळी दाखवली, पाट दाबून बसायचं कसं, भाजी आपल्याकडे ओढायची कशी ते हातवारे करून सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन तळवा बघितला आणि विषय संपला.

त्या नाताळात त्यांनी मला सुरी दिली. शेफील्डमध्येच घडवलेली, माझ्या लहान मुठीत बरोबर बसणारी, पात्याला किंचित गोलाई असलेली, म्हणजे पुढेमागे डोलवत कोथिंबीर बारीक करता येईल अशी. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात पुढे केला आणि एक पेनी मागितली. सुरी नुसती भेट दिली तर नातं कापलं जातं, म्हणून घेणाऱ्यानं एक नाणं देऊन ती नावापुरती विकत घ्यायची, असा इथला जुना समज. नवऱ्यानं खिशातून पेनी काढून दिली तर ती त्यांनी घेतली नाही. माझ्याच पाकिटातली हवी होती. आपण पाकिटावर रुपया लावतो तो नातं पुढे चालावं म्हणून, ते पेनी घेतात ती नातं तुटू नये म्हणून. त्या सुरीनं मी आजही रोज चिरते.

सासऱ्यांनी यासाठी किती वेळ घालवला? चहा उकळेपर्यंतचा. एक प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतलं. विचारशील भेट म्हटलं की लोकांना वाटतं, त्याला मनकवडेपणा लागतो, कल्पकता लागते, पैसा लागतो. मला वाटतं, विचारलं तरी पुरतं. पण विचारण्याची इथेही लाज वाटते आणि आपल्याकडेही. विचारून काय द्यायचं, मग त्यात गंमत काय, हे वाक्य मी दोन्ही देशांत ऐकलं आहे. त्या गंमतीपायी दर जानेवारीला दुकानांच्या काचा भरतात.

माझी मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा न आवडलेल्या भेटीबद्दल काय म्हणायचं, या प्रश्नाला मला तोंड द्यावं लागलं. भेटीनंतर मुलांनी प्रत्येकाला आभाराचं पत्र लिहायचं ही इथली शिस्त चांगली आहे. पण न आवडलेल्या खेळण्याबद्दल ‘खूप आवडलं’ लिहू का, असं तिनं विचारलं. मी नको म्हटलं. आजी तुझ्यासाठी दुकानात गेली, कागदात बांधलं, गाडी चालवत घेऊन आली, त्याचे आभार मान. ते सगळं खरं आहे. आणि तुला सध्या कशाचं वेड आहे ते तिला सविस्तर लिही. तिनं अळ्या आणि फुलपाखरांबद्दल पानभर लिहिलं. आजीला पुढचं वर्षभर विषय पुरला. मुलांना खोटं न बोलता कृतज्ञ राहायला शिकवता येतं, आणि ते शिकवलं पाहिजे, नाहीतर ती मोठेपणी कागद सुटायच्या आत ओरडणारी माणसं होतात.

मग तेच मी स्वतःपुरतं केलं. मेणबत्तीनंतरच्या नोव्हेंबरात आत्याबरोबर तिच्या अलॉटमेंटवर गेले होते. अलॉटमेंट म्हणजे नगरपालिका नाममात्र भाड्यानं देते तो भाजीपाल्याचा तुकडा. तिचा तो जीव की प्राण. तिथे मी तिला सरळ सांगितलं, की स्वयंपाकातलं मला सगळं येतं आणि भारताची आठवण करून द्यायला माझ्याजवळ भारत भरपूर आहे. मला तुमच्याकडचं काही द्या, या मातीतलं. ती कुदळ हातात धरून उभी राहिली. मला वाटलं दुखावली. ती म्हणाली, तुला काय द्यावं हे मला कधीच कळत नव्हतं आणि विचारलं तर तुला परकं वाटेल अशी भीती वाटायची. म्हणजे जी गोष्ट मला परकं करत होती ती तिनं मला परकं वाटू नये म्हणून चालवली होती. इतकी वर्षं दोघी एकमेकींना सांभाळून घेत होतो आणि त्या सांभाळण्यातच अडकलो होतो.

त्या नाताळात तिनं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक चिखलाचा गड्डा माझ्यापुढे ठेवला. ऱ्हुबार्बचा कंद. वेकफील्ड, मॉर्ली, रॉथवेल या इथल्या पट्ट्यात ऱ्हुबार्ब पिढ्यान्‌पिढ्या घेतात. हिवाळ्यात अंधाऱ्या शेडमध्ये वाढवून मेणबत्तीच्या उजेडात खुडतात. थंडीत झाड झोपलेलं असताना जुना कंद फोडून वाटा दुसऱ्याला देता येतो, म्हणजे नाताळचा मोसम त्याला अगदी योग्य. पहिलं वर्षभर एकही देठ तोडायचा नाही आणि पानं कधीच खायची नाहीत, ती विषारी असतात, एवढं तिनं बजावून सांगितलं. दुसऱ्या वसंतात आंबट गुलाबी देठ निघाले. मी त्यांची गूळ आणि मेथ्या घालून चटणी केली, आणि एक बाटली तिला दिली. ती त्याचं काय करणार हेही मी तिला आधी विचारलं होतं. चीजबरोबर खाईन म्हणाली, म्हणून तिखट कमी घातलं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगते, इथे नवीन आलेल्यांना उपयोगी पडतील. दुकानातून घेतलेली धडधाकट वस्तू नुसती आवडली नाही म्हणून परत घ्यायला दुकानदार कायद्यानं बांधलेला नाही. पुष्कळ दुकानं नाताळानंतर घेतात ती स्वतःच्या धोरणानं. ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू मात्र ताब्यात आल्यापासून १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क खरेदी करणाऱ्याला आहे, आणि नोव्हेंबरात घेतलेल्या वस्तूची ती मुदत नाताळाआधीच संपते. म्हणून देणाऱ्यानं किंमत न छापलेली भेटीची पावती खोक्यात ठेवावी. ती ठेवण्यात कमीपणा मानू नये. आणि जे परत करता येत नाही ते चॅरिटी शॉपला खुशाल द्यावं, फक्त देणाऱ्याच्या गावातल्या दुकानाला देऊ नये.

नणंदेशी मी अजून बोललेले नाही. या नोव्हेंबरात बोलणार आहे.

आणि आता इकडून तिकडे. माझ्या ओळखीत पुण्या-कोल्हापुरातली अशी घरं आहेत जिथे जर्मन, इंग्लिश, अमेरिकन सून किंवा जावई आला आहे. त्यांतल्या सुना सुट्टीत येतात तेव्हा प्रत्येक काकू, मामी, मावशी त्यांना साडी नेसवते, हिरव्या बांगड्या भरते, जरीचं काहीतरी हातात ठेवते. त्या हसून घेतात, फोटो काढू देतात, आणि विमानाचं सामान भरताना रात्री नवऱ्याला विचारतात की हे कुठे ठेवायचं. साडी देणाऱ्याचं प्रेम आत्याच्या करी किटइतकंच खरं असतं. पण त्या साडीत ती मुलगी कुठे असते? तिला पोहायला आवडतं, ती लाकडाचं काम करते, तिला वांगं चालत नाही, हे त्या घरात किती जणांना माहीत आहे? तुमच्या घरी अशी सून किंवा जावई असेल, तर पुढची साडी किंवा कुर्ता घ्यायच्या आधी त्यांना फोन करा आणि तुम्हाला काय आवडतं ते विचारा. भाषा अडली तर मुलाला किंवा मुलीला मध्ये घ्या. पण विचारा.